मे महिन्यातली रतनवाडी, घड्याळ बघून

रतनवाडीला गर्दी होते ती पावसाळ्यात. धबधबे, धुकं, चिखल, आणि रस्ताभर एकामागे एक उभ्या गाड्या. त्या मानाने मे महिन्यात, शनिवार-रविवारच्या रात्री सोडल्या, तर गाव निवांत असतं. गड कोरडा, वाट स्पष्ट, प्रवरेत डोहांपुरतं पाणी, जाळ्यांवर करवंदं, आणि महिना सरता सरता झाडांवर काजवे. उन्हाळ्यात सह्याद्री म्हणजे रखरखाट असं म्हणणाऱ्यांनी तो बहुधा सकाळी अकरा ते चार या वेळात पाहिलेला असतो. त्या वेळात तो खरंच रखरखीत असतो. म्हणून इथे काय करायचं यापेक्षा किती वाजता करायचं, हे आधी ठरवावं लागतं. वेळ चुकली की तोच गड छळतो आणि तेच पाणी धोक्याचं होतं.

गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वरच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी आहे. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना घोटीहून शेंडी हे धरणाजवळचं गाव, पुण्याकडून येणाऱ्यांना संगमनेर-अकोले-राजूरमार्गे शेंडी, आणि तिथून जलाशयाच्या कडेने रतनवाडी. शेंडीहून होडीनेही येता येतं. पण मे महिन्यात पाणी खूप मागे सरकलेलं असतं, होडी लागते तिथून गावापर्यंत उन्हात भेगाळलेला गाळ तुडवत यावं लागतं. सामान असेल तर रस्त्यानेच या. पेट्रोल घोटी, राजूर किंवा अकोल्यात भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा, आणि मोबाईलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यायची आणि ती फेकायची नाही, पुढे पुन्हा विचारतात.

पहिलं काम गडाचं, आणि ते पहाटेचं. मेच्या मध्यावर इथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेचारला उठून पाच वाजता गावातल्या अमृतेश्वराच्या देवळापासून निघालात तर रानातला टप्पा गारव्यात जातो आणि शिड्यांपाशी पोचेपर्यंत चांगलं उजाडलेलं असतं. वाट आधी प्रवरेच्या पात्राच्या कडेने जाते आणि पात्र ओलांडते. मे महिन्यात तिथे फक्त गोटे असतात आणि गोट्यांवरून पुढची वाट अंधारात दिसत नाही. नवख्यांचा घोळ होतो तो इथेच. पात्रातून सरळ वर चढत राहू नका. पलीकडच्या काठावर मळलेली वाट सापडेपर्यंत थांबा, विजेरी फिरवा. पुढे रानात एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला जातो. तो धरून तासभर चालल्यावर चूक लक्षात येणारे दरवर्षी असतात. गावातला वाटाड्या घेतलात तर हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत, आणि पहाटे पाचला यायचं त्याला आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलेलं बरं.

पाणी माणशी तीन लिटर, तेही गावातूनच भरून. गडावर टाकी आहेत, पण मे महिन्यात कुठल्या टाक्यात किती आणि कसं पाणी असेल याचा भरवसा नाही. टाक्याचं पाणी लागलंच तर गाळून, उकळून. तीन लिटरमधलं एक लिटर मीठ-साखरेचं करून न्या: लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ याहून वाढलं तर त्याचा फायदा नाही, उलट त्रास. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, एवढी खूण पुरे. नुसतं पाणी पीत घाम गाळत राहिलं की तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात, आणि ते नेमके शिडीवर येतात.

शिड्या लोखंडी आहेत. चढताना एका शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड शिडीकडे, आणि दोन हात-दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले. उतरतानाही तोंड शिडीकडेच. पाठ शिडीकडे करून बसत बसत उतरणारे लोक पाठीवरची पिशवी पायरीत अडकवून घेतात, आणि मग त्यांना पुढेही जाता येत नाही, मागेही. पण या शिड्यांचं खरं वैशिष्ट्य अकरानंतर कळतं. ऊन तापलं की ते लोखंड हाताला धरवत नाही. चटका बसला की हात आपोआप सुटतो, तिथे ठरवून काही करता येत नाही. म्हणून दहाच्या आत शिड्या उतरून रानात शिरायचं, हा हिशोब पक्का ठेवा. त्यासाठी वर साडेआठनंतर रेंगाळायचं नाही. नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून वारा खायचा, अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई, खुट्ट्याचा सुळका बघायचा आणि निघायचं. गडाच्या त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाकडे उतरायची हौस असेल तर तिकडच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आणि तुटक्या आहेत, लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर आल्या वाटेनेच परत.

माकडं पिशवी हिसकावतात, ते एक वेळ चालेल. आग्या मोहोळाची मात्र चेष्टा नको. कड्यांना मोहोळं असतात आणि त्यांना धूर, अत्तर, डिओ, आरडाओरडा यांतलं काहीही खपत नाही. कड्याखाली चहासाठी चूल पेटवणं हे अभयारण्यात नियमबाह्य आहेच, वर मोहोळ उठवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-डोकं कापडाने झाकून आल्या वाटेने दूर निघून जायचं, झाडीत शिरलं तर जास्त बरं. पाण्यात बुडी मारून बसणं ही सिनेमातली युक्ती आहे, माश्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने लवकरात लवकर खरवडून काढायचे. डंख बरेच असतील, चेहरा सुजायला लागला, श्वास जड झाला, तर घरगुती इलाज करत बसू नका, 108 ला फोन करा. रेंज नसेल तर गावातली गाडी काढा.

दहा-साडेदहाला खाली उतरलात की दिवसातला सगळ्यात चांगला भाग सुरू होतो, पाण्याचा. पण कुठलं पाणी, हे नीट समजून घ्या, कारण या एका परिसरात चार प्रकारचं पाणी आहे आणि चारही ठिकाणचा धोका वेगळा.

पहिलं, गावाच्या वरचे प्रवरेचे डोह. यांच्या वर धरण नाही, त्यामुळे अचानक पाणी सोडलं जाण्याची भीती नाही. मे महिन्यात प्रवाह जवळपास थांबलेला असतो. इथला धोका खडकांचा आणि शेवाळाचा. दिसायला तळ जवळ वाटतो पण खोली फसवते. म्हणून सूर मारायचाच नाही. आधी काठीने खोली चाचपायची, मग पाय पुढे करून उतरायचं. वाहत्या पाण्यापेक्षा ओल्या-कोरड्याच्या सीमेवरचा काळपट हिरवा कातळ जास्त घातक असतो. डोक्याला खोक पडते ती बहुधा काठावर, पाण्यात उतरायच्या आधीच.

दुसरं, जलाशयाची कडा. हे पाणी बघायला सगळ्यात सुंदर आणि उतरायला सगळ्यात वाईट. पाणी जसजसं मागे सरतं तसा मागे गाळ उरतो. वरून तो वाळून त्याला भेगा पडतात, खाली मात्र लोण्यासारखा ओला असतो. पाण्यापासून चाळीस-पन्नास पावलांवरसुद्धा पाय गुडघ्यापर्यंत जातो. गुरांच्या खुरांच्या ताज्या खुणा जिथे उथळ आहेत तिथूनच चाला, खुणा खोल दिसल्या की थांबा. पाय रुतला तर दुसऱ्या पायावर जोर देऊन उपटायला जाऊ नका, दुसराही जातो. मागे बसा, पाठीवर रेला, वजन पसरू द्या, पाय आत गोल गोल हलवत मोकळा करा, आणि गडबडा लोळत आल्या दिशेने परत या. कपडे खराब होतील, होऊ द्या.

तिसरं, धरणाच्या खालची नदी, रंधा धबधब्याकडची. भंडारदऱ्याच्या या विल्सन धरणाचं काम 1910 मध्ये सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झालं, साठा 11 टीएमसीचा, म्हणजे 11 अब्ज घनफुटांचा. उन्हाळ्यात याच साठ्यातून शेतीसाठी आवर्तनं, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, सुटतात. आवर्तन सुटलं की मघाशी गुडघाभर असलेलं पाणी कमरेपर्यंत यायला वेळ लागत नाही, आणि वर आभाळ निरभ्र असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. खाली उतरायचंच असेल तर आवर्तन चालू आहे का, हे शेंडीत चहाच्या टपरीवर विचारा, तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आमचं मत सरळ आहे: रंधा लांबून बघायचा.

चौथं, घाटघरचा तलाव. तिथे 250 मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज तयार करतात, मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवतात. म्हणजे एका दिवसात पातळी खाली-वर होते. तिथे पाण्यात उतरायचं नाही, विषय संपला. संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर वारा खायला मात्र जरूर जा.

तेव्हा पोहायचं ते डोहात. सह्याद्रीतली पोरं वर्षानुवर्षं पोहायला शिकतात ती पाठीला डबा बांधून. पूर्वी वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड असायचं, आता तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन असतो. पद्धत साधी आहे, पण बांधण्यात चूक झाली की कॅन तारण्याऐवजी बुडवतो, म्हणून ती सविस्तर.

पाच लिटरचा बंद रिकामा कॅन पाण्यात साधारण पाच किलो वजन उचलून धरतो. माणसाचं शरीर पाण्यात मुळात जवळजवळ तरंगतंच, डोकं वर ठेवण्यापुरता आधार हवा असतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एक कॅन भरपूर झाला, मोठ्या माणसाला दोन. आधी कॅन राख किंवा साबणाने घरीच स्वच्छ धुवा, तेलकट राहिला तर दोरी घसरते. झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून घाला, घट्ट बसवा आणि कॅन पाण्याखाली दाबून धरा. एक बुडबुडा आला तरी तो कॅन बाद. दोरी नायलॉनची नको, ओली झाली की काखेत काचते आणि गाठ सरकते. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी सगळ्यात उत्तम. पट्टी कॅनच्या मुठीतून ओवायची, दोन्ही टोकं काखेखालून पुढे आणून छातीवर दुहेरी गाठ मारायची. दुसरी पट्टी कॅनच्या मधोमध वेढा घेऊन बरगड्यांभोवती, म्हणजे कॅन डावी-उजवीकडे लोळत नाही. गाठ पुढे अशासाठी की काठावरच्या मोठ्या माणसाला ती दिसत राहते.

आता मुख्य गोष्ट. कॅन दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, उंच बांधायचा. कमरेवर बांधला की ढुंगण वर येतं आणि तोंड पाण्यात जातं. मूल हातपाय मारतं, लोकांना वाटतं मजा चाललीय. या पद्धतीत नडते ती बहुतेक वेळा हीच चूक. बांधून झाल्यावर आधी कमरेएवढ्या पाण्यात मुलाला पालथं झोपवा आणि हात सोडून बघा. हनुवटी आपोआप पाण्याबाहेर राहिली तर बांधणी बरोबर. नाही राहिली तर सोडून पुन्हा बांधा, ‘जमेल’ म्हणू नका.

पहिल्या दिवशी फक्त खडक धरून पाय मारणं. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे नाही, मांडीपासून, तळवे सैल. दुसऱ्या दिवशी दोन मोठ्यांच्या मधलं चार-पाच हातांचं अंतर. तीन-चार दिवसांनी कॅन तीन लिटरचा, मग कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, आणि एके दिवशी बाटलीचं झाकण सैल ठेवायचं, असं गावातली थोरली मंडळी करतात. शेवटची पायरी पाहुण्यांनी करू नये. कॅन म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. सुटी चार दिवसांचीच असेल आणि पाणी खोल असेल तर सरळ जॅकेट घाला.

काठावर आणखी एक कॅन ठेवायचा, वाचवण्यासाठी. त्यात अर्धा लिटर पाणी राहू द्यायचं, कारण पूर्ण रिकामा कॅन वाऱ्यावर भरकटतो, थोडं वजन असलं की नेमका जातो. मुठीला पंधरा-वीस मीटर दोरी. बुडणाऱ्याच्या अंगावर नेम धरायचा नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि दोरी ओढत त्याच्या हातापर्यंत आणायची. पोहता येणाऱ्याने उडी मारून जवळ जाणं हा शेवटचा उपाय. घाबरलेला माणूस गळ्याला मिठी मारतो आणि मग दोघंही जातात. एका माणसाने कायम काठावर कोरडं बसायचं, पाळी लावून. त्याच्या हातात मोबाईल नको.

गावाचा एक संकेत पाळा. वरच्या वाड्यांत मे महिन्यात प्यायच्या पाण्याची ओढाताण असते, समोर एवढा जलाशय दिसत असूनही. त्यामुळे घरमालकाकडे आंघोळीला बादल्या मागू नका, डोहात साबण-शांपू नेऊ नका, आणि अमृतेश्वराजवळची पुष्करणी पोहण्यासाठी नाही हे पाटी नसली तरी समजून घ्या. देवळाचं भूमिज शिखर, म्हणजे छोट्या शिखरांच्या रांगांनी रचलेलं, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात निवांत बघण्यासारखं आहे, त्याला वेळ द्या.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगायचं, आयत्या वेळी दहा माणसांची भाकरी कुठल्याच मावशी थापू शकत नाहीत. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, ताक. मग दीड ते चार झोप. या वेळात तंबूत शिरू नका, तो भट्टी होतो. ओसरी शोधा.

चारनंतर करवंदं. एप्रिलच्या शेवटापासून जाळ्या काळ्या व्हायला लागतात. पिकलेलं करवंद बोटाचा नुसता धक्का लागला की हातात येतं, ओढावं लागलं तर ते कच्चं, चिकाने ओठ चिकटतील. चीक लागलाच तर पाण्याने चोळू नका, आणखी पसरतो. खोबरेल तेलाचं बोट फिरवा. काटे जोडीने असतात आणि फांदीच्या आतल्या बाजूला जास्त, त्यामुळे हात वरून खाली घालायचा नाही, खालून वर न्यायचा. फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी, हा खेळ शहरातल्या मुलांना शिकवून ठेवा, पुढचे दोन तास ती मोबाईल मागत नाहीत. पांढरी टपोरी तोरणं आणि रानातलं अळूचं फळ मिळालं तर चाखा. जांभळं महिना संपता संपता. हे अभयारण्य आहे आणि रानमेवा गावाच्या पोटाचाही आहे, म्हणून तोंडात टाकण्यापुरतंच तोडा. घरी न्यायचं असेल तर पळसाच्या द्रोणात भरून विकायला बसलेल्या आजींकडून घ्या, भाव न करता. अंगणात, खडकावर हिरडा वाळत टाकलेला दिसतो, तो कुणाची तरी महिन्याची कमाई असते. त्यावरून गाडी वळवणारे लोक आहेत.

सांदण दरीला वेगळा दिवस लागतो. साम्रद गावापासून जवळ, कातळात पडलेली ही अरुंद भेग, साधारण दोन किलोमीटर लांब आणि दोनशे फुटांहून खोल. आत ऊन फक्त दुपारी काही वेळ पोचतं, म्हणून मे महिन्यातही गार. तरीही सात वाजता आत असावं, कारण नऊनंतर गर्दीमुळे त्या अरुंद जागेत दोन्हीकडून रांगा अडकतात. सुरुवातीला पाण्याचे टप्पे लागतात. मे महिन्यात बहुधा गुडघा ते कमरेएवढं पाणी असतं, दरवर्षी वेगळं, गावात विचारून घ्या. ते साचलेलं पाणी आहे, तोंडात जाऊ देऊ नका. बूट बंद आणि खरबरीत तळाचे हवेत, फ्लोटर चालत नाहीत, खडकाच्या फटीत पाऊल अडकलं की पट्टा तुटतो आणि पुढचे दोन तास अनवाणी. हेल्मेट सगळ्यांना, फक्त दोरावर उतरणाऱ्यांना नव्हे, कारण दगड पडतात ते वरच्या काठावर हिंडणाऱ्या माकडांच्या पायाने.

पुढे दोराने उतरायचे टप्पे आहेत, पहिला सगळ्यात मोठा, साधारण 45 फुटांचा. तिथे आयोजकावर विश्वास ठेवण्याआधी चार गोष्टी डोळ्यांनी बघा. दोर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलाय का. उतरायच्या दोराशिवाय दुसरा सुरक्षादोर तुमच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांना, लावलाय का. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवून बंद केलाय का. आणि दोराचं वरचं आवरण कुठे फुगलंय, पिंजलंय का. यांतल्या एकाला जरी ‘चालतंय हो’ असं उत्तर मिळालं, तर परत फिरा, पैसे गेले तरी.

हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर, घट्ट. खाली असला तर उलटं झाल्यावर माणूस त्यातून निसटू शकतो. केस बांधून टोपीच्या आत, ओढणी आणि सैल टी-शर्ट खोचलेला. आठच्या आकड्याच्या डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या कडीत, कपड्याचं टोक किंवा केसांची बट गेली की माणूस मधेच लटकतो, आणि त्याचं वजन दोरावरून काढल्याशिवाय ती सुटत नाही. उतरताना पाय खांद्याएवढे फाकलेले, तळवे कातळावर सपाट, आणि पाठ मागे टाकायची, खुर्चीत बसल्यासारखी. भीतीने सगळे नेमकं उलटं करतात, कातळाला बिलगून सरळ उभे राहतात. मग पाय घसरतात आणि गुडघे-नाक कातळावर आपटतं. खालचा हात म्हणजे ब्रेक, तो मांडीजवळ, आणि तो कधीही सोडायचा नाही. वरच्या हाताने दोर आवळून धरायचा मोह होतो, त्याने वेग कमी होत नाही, फक्त तळहात सोलतो.

पूर्ण दरी उतरून खाली डेहेण्याला जायचा बेत डिसेंबर-जानेवारीत करा. मे महिन्यात दरीतून बाहेर पडता तेव्हा दुपार झालेली असते, पुढे कोकणातल्या उन्हात तासन् तास दगड-धोंडे, सावली नाही, पाणी संपलेलं. उन्हाळ्यात पहिल्या दोराच्या टप्प्यापर्यंत जाऊन परत येणं हाच शहाणपणाचा बेत आहे, आणि दरीची खरी मजाही त्याच भागात आहे. एक पक्का नियम: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळीव दुपारनंतर कधीही येतो. साम्रदच्या बाजूला ढग उंच चढताना दिसले, वारा एकदम पडला, तर आत शिरायचं नाही, आत असाल तर जवळच्या टोकाने बाहेर. वर तासभर पडलेला पाऊस त्या भेगेत एकवटून येतो आणि तिथे बाजूला व्हायला जागाच नसते.

तंबूबद्दल थोडक्यात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नको, एकट्या झाडाखाली नको, गाळावर तर नकोच. मे महिन्यातल्या मुरमात खुंट्या वाकतात, त्यांना ठोकत बसण्यापेक्षा दोर मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवा. वळवाच्या आधी जो वारा सुटतो त्यात रिकामा तंबू जलाशयात जाऊन पडतो, म्हणून काजवे बघायला जाताना जड पिशव्या आत ठेवून जा. शेकोटी पेटवायची नाही, वाळल्या गवतातून वणवा लागायला एक ठिणगी पुरते. सकाळी बूट झटकून मगच पायात घाला, विंचू रात्री तिथेच मुक्काम करतात.

आणि मग काजवे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, एखाद-दोन वळीव पडून हवेत दमटपणा आला की पांजरे, उडदावणे, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी या पट्ट्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते लागतात. मोठा पाऊस सुरू झाला की संपतात. तारीख निवडताना पंचांग बघा: अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस. पौर्णिमेला गेलात तर तेच काजवे निम्मेही दिसत नाहीत. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. सूर्य सातनंतर मावळतो, पावणेआठपर्यंत अंधार दाटतो. वनखात्याने वेळ ठरवून दिलेली असते, ती नाक्यावर विचारून घ्या.

आधी एक-दोन ठिणग्या दिसतात, तुटक. मग एका झाडावर ताल जुळायला लागतो आणि थोड्या वेळाने सगळं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं. हे चाललेलं असतं जोडीदार शोधणं. नर चमकून मादीला खूण करतात, मादी मंद उजेडाने उत्तर देते. म्हणून बाहेरचा उजेड हा त्यांना नुसता त्रास नाही, त्यांच्या संभाषणात केलेला गोंगाट आहे. मोटारीचे दिवे झाडावर पडले की ताल मोडतो आणि पुन्हा जुळायला बराच वेळ लागतो. गाडी लांब लावा, दिवे पूर्ण बंद करा, चालत जा. विजेरीला लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावून रबर घाला आणि उजेड फक्त स्वतःच्या पायांपुरता, जमिनीकडे. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, मधे एकाने मोबाईलचा पडदा उघडला की सगळ्यांची वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

अंगाला डास पळवायचं मलम किंवा फवारा मारून जाऊ नका, ते काजव्यांनाही बाधतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोजे, बूट, एवढं पुरे. झाडाखाली पालापाचोळ्यात शिरू नका. माद्या तिथे खाली असतात, अंडीही ओलसर मातीत जातात, आणि अळ्या महिनोन् महिने जमिनीवर गोगलगायी खाऊन वाढतात. पुढच्या वर्षीचे काजवे तुमच्या बुटाखाली असतात. फांदी हलवून ‘आता बघा कसे उडतात’ दाखवणारा वाटाड्या भेटला तर त्याला थांबवा, नाही ऐकलं तर त्याला सोडून निघा.

फोटो मोबाईलवर सहसा चांगला येत नाही, प्रयत्नात वेळ घालवू नका. कॅमेरा असेल तर तिपाई, मॅन्युअल फोकस उजेड असतानाच झाडावर लावून ठेवलेला, छिद्र (अ‍ॅपर्चर) 2.8 किंवा लेन्सचं असेल तेवढं मोठं, आयएसओ 1600, शटर 20 ते 30 सेकंद. असे वीसेक फोटो काढून घरी संगणकावर एकावर एक रचायचे. फोकस आधी लावला नसेल तर अंधारात कॅमेरा स्वतःचा लाल किंवा पांढरा दिवा पाडतो आणि शेजारचे पन्नास लोक तुमच्याकडे वळून बघतात. तो दिवा सेटिंगमधून घरीच बंद करून या, कॅमेऱ्याचा मागचा पडदाही काळ्या पट्टीने झाका.

परतताना गाडीत बसण्याआधी कपडे, टोपी आणि पिशवी एकदा हळूच झटका. दोन-चार काजवे हटकून अंगावर आलेले असतात, आणि गाडीची काच लावली की घोटीपर्यंत ते काचेवर आपटत राहतात.